वीज न घेणारी गाडी

पडद्यावर आईचं नाव आलं तेव्हा मुनोजातच्या तोंडात सुकं जर्दाळू होतं. ते तिनं चावलं नाही की गिळलं नाही, तसंच गालात धरून ती वाचत राहिली. मस्तुरा तुर्सुनोवा. नावाखाली फोन नंबर, तो तर तिला झोपेतही आठवला असता, आणि नंबराखाली लाल अक्षरांत शेरा : संशयित, खातं बंद. शेरा तिनंच परवा मारलेला. शेजारी फुर्कत आका उभे होते, अंगठ्याएवढी आपली किल्ली यंत्रात खुपसून. ग्राहकाचं नाव उघडायचं तर अशा दोन किल्ल्या एका वेळी लागत, एक त्यांची आणि एक मुनोजातची, आणि ही दोन किल्ल्यांची शिस्तसुद्धा मुनोजातनंच कंपनीला लावली होती. कोण कुठं गाडी लावतं, कधी घरी परततं, कुणाच्या दारात मुक्कामाला थांबतं, हे सगळं चार्जरला कळतं. म्हणून कामाच्या पडद्यावर माणसांची नावं दिसू नयेत, नुसते क्रमांक दिसावेत, असा तिचा हट्ट होता. "आपण वीज विकतो, चहाड्या नाही," असं ती म्हणायची, आणि हे वाक्य तिचं तिलाच फार आवडायचं. गेले कित्येक आठवडे ती ज्या क्रमांकाच्या मागावर होती त्याचा बुरखा आज निघाला होता, आणि आत आई होती.

"ओळखीचं आहे का कुणी?" फुर्कत आकांनी विचारलं.

"आई आहे."

"कुणाची?"

"माझी, आका."

फुर्कत आका खुर्ची ओढून बसले. सुरक्षा विभागाचा प्रमुख म्हणजे माणूस रोडका आणि संशयी असेल असं कुणालाही वाटावं. हे गृहस्थ जाडजूड, मोठ्या आवाजाचे, आणि कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं की सगळ्यांच्या आधी दारात हजर असणारे. "अगं, पण तुझ्या आईला तर मी खांदा दिलाय," ते हळूच म्हणाले. मग त्यांच्यातला जुना पोलीस जागा झालाच. "थांब, थांब. म्हणजे मेलेल्या माणसाचं खातं वापरतायत! बघितलंस काय एकेक हरामखोर असतात? त्या माउलीला मातीतही स्वस्थ पडू देत नाहीत. उद्या पाहुण्यांपुढे हेच ठेवू आपण. नाव झाकून गं, तू काळजी करू नकोस."

"आका, जरा गप्प बसता का?" पलीकडच्या टेबलावरून लोबार म्हणाली. ती ऑफिसात सगळ्यांत नवी आणि तोंडानं सगळ्यांत फटकळ. "मुनोजात ओपाचा चेहरा तरी बघा." ती उठली आणि वाटीभर हिरवा चहा मुनोजातपुढे ठेवून गेली. पाहुणे म्हणजे कंपनीत पैसा घालणारे परदेशी लोक. ताश्कंदभर पसरलेले आपले चार्जर सुरक्षित आहेत, कुणी त्यांत हात घालू पाहिला तर आपल्याला ताबडतोब कळतं, हे त्यांना दाखवायचं होतं, आणि दाखवायला मुनोजातच्या क्रमांकासारखं दुसरं काही नव्हतं. महिनाभर ती सगळ्यांना त्याच्याविषयी सांगत आली होती.

गोष्ट अशी की, केबल गाडीत घातली की वीज एकदम वाहायला लागत नाही. आधी गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. तू कोण, खातं कुणाचं, पोटात किती आहे, किती हवंय. हे बोलणं झालं की मग कुलूप बसतं आणि वीज सुरू होते. चोराला वीज नकोच असते, त्याला हवं असतं हे बोलणं. तो केबल लावतो, चार्जर काय विचारतो ते ऐकून घेतो, आणि मध्येच काढतो. पुन्हा लावतो, पुन्हा काढतो. असं करत करत एक दिवस तो चार्जरच्या भाषेत बोलायला शिकतो, आणि मग कुणाच्याही नावावर गाड्या भरतो, नाहीतर गल्लीच्या गल्ली बंद पाडतो. म्हणून मुनोजातनं नियम लिहिला होता : जे खातं पुन्हा पुन्हा बोलणं सुरू करतं आणि वीज न घेता निघून जातं, त्याच्यावर नजर ठेवायची. या क्रमांकानं तो नियम रोज मोडला होता. रोज एकदा. रोज त्याच चार्जरवर. केबल लागायची, खातं ओळखलं जायचं, आणि थोड्याच वेळात केबल निघायची. वीज शून्य. बैठकीत ती म्हणाली होती, "माणूस इतका नेमानं वागत नाही. माणूस एखादा दिवस चुकतो, आजारी पडतो, कंटाळतो. हे यंत्र आहे." आणि तिनं तो आलेख दाखवला होता. वेळ रोजची जवळजवळ तीच, पण नीट पाहिलं तर उन्हाळ्यात हळूहळू पुढे सरकलेली, मग शरदात हळूहळू मागे आलेली. एक सुरेख वळण. कुणीतरी हुशारीनं वेळ थोडी थोडी बदलतंय, आपल्या नियमाला चकवायला, असं तिनं सांगितलं होतं. सगळे ताश्कंदचे. सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी म्हातारा पाच वेळा नमाज पढणारा. कुणालाही कळलं नाही, आणि तिलाही कळलं नाही, की ते वळण मावळतीचं आहे. सूर्य बुडाला की शोमची नमाज होते, नमाज झाली की मशिदीतून माणसं बाहेर पडतात, आणि त्यातला एक माणूस कोपऱ्यावरच्या चार्जरकडे जातो.

तिनं जर्दाळू गिळलं. ते घशात अडकलं आणि चहानं खाली गेलं. चार्जर कुठला ते तिला आधी कळायला काहीच हरकत नव्हती. पडद्यावर चार्जरचाही क्रमांकच दिसत असला, तरी नकाशा उघडला की त्याची गल्ली दिसते. पण शहराच्या त्या बाजूचा नकाशा ती उघडत नसे. हे तिनं कधी ठरवलं नव्हतं. हातच त्या बाजूला जायचा नाही. आता तिनं उघडला. भाजीबाजाराच्या मागची बाजू, मशीद, चहाचं दुकान, त्यापुढे चार्जर, आणि तिथून जरा आत वळलं की निळं फाटक. फाटक नकाशात नव्हतं. ते तिला तरीही दिसलं.

"आका, चोर नाही हा," ती म्हणाली. "माझे वडील आहेत."

फुर्कत आकांनी कपाळाला हात लावला. "हमदम आका? अरे देवा. पण मग ते वीज का घेत नाहीत?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं मुनोजातला त्या वेळी वाटलं. ते तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "खातं उघडायला हवं, आका. आजच." फुर्कत आका म्हणाले, बंद करणं सोपं होतं, उघडायला वरून मंजुरी लागते, ही शिस्तही तुझीच, पण मी बघतो, शोमपर्यंत उघडून घेतो, तू घरी जा. पाहुण्यांचं काय, हे ते बोलले नाहीत. चांगला माणूस.

गाडी घेतली तेव्हा आई हयात होती. मुनोजातचा धाकटा भाऊ एलमुरोद कोरियात कारखान्यात होता. खरं तर धाकट्यानं आईबापाजवळ राहायचं, पण आता निम्म्या मोहल्ल्याचे धाकटे कोरियातच आहेत. त्यानं पैसे पाठवले, वडिलांनी पांढरी चिनी विजेची गाडी घेतली आणि म्हातारपणी टॅक्सी चालवायला लागले. वडिलांचा फोन बटणांचा, तो नुसता कानाला लावायचा. आईचा मात्र एलमुरोदनं पाठवलेला, काचेचा. म्हणून चार्जिंगचं खातं आईच्या फोनवर उघडलं आणि वडिलांना मिळालं नुसतं कार्ड. परिणाम असा झाला की वडिलांनी कोपऱ्यावर गाडीला केबल लावली की आईचा फोन वाजायचा : तुमची गाडी जोडली आहे. "गाडी जोडली म्हणे," आई हसायची. "नवराही जोडून पाठवा म्हणावं." पण तिला ते फार सोयीचं झालं होतं. पलोव करायचा तर मांस, कांदा, गाजर सगळं आधी शिजवून ठेवता येतं, तांदूळ मात्र शेवटी. तांदूळ टाकले की पाहुणा यायलाच हवा, नाहीतर पलोवचा लगदा होतो. आयुष्यभर आई तांदूळ हातात घेऊन फाटकाकडे कान लावून बसलेली असायची. आता फोन वाजला की ती तांदूळ टाकायची. वडील गाडी तिथं सोडून पायी घरी यायचे, हात धुवायचे, तोवर ताट तयार. "तुमच्या कंपनीनं एवढं एक पुण्याचं काम केलं बघ," ती मुनोजातला म्हणाली होती. मुनोजात तेव्हा हसली होती. माणसं यंत्राचा असा काही उपयोग करतात तो कुठल्याच आलेखात येत नाही, असं काहीतरी त्या वेळी तिच्या मनात आलं होतं आणि ती ते विसरून गेली होती.

गेल्या हिवाळ्यात, कडक थंडीच्या दिवसांत, फोन वाजला आणि आईनं तांदूळ टाकले. वडिलांनी केबल लावली होती खरी, पण चहाच्या दुकानातून सोबत्यांनी हाक मारली. आत शेगडी होती, नर्दाचा पट मांडलेला होता. एक डाव, म्हणून ते बसले. एकाचे दोन झाले. त्या वेळात आई चुलीपाशी पडली. जळक्या वासानं शेजारीण भिंतीवरून डोकावली तेव्हा कढईतले तांदूळ काळे झाले होते. डॉक्टर म्हणाले, जवळ कुणी असतं तरी काही सांगता आलं नसतं. हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच म्हणत असतील. मुनोजात पोहोचली तेव्हा वडील रिवाजाप्रमाणे कमरेला पटका बांधून फाटकात उभे होते, येणाऱ्या एकेका माणसाचा हात हातात घेत. तिनं त्यांच्यापुढे उभं राहून सगळ्यांच्या देखत म्हटलं, "तुम्ही वेळेवर आला असता तर." बाकीचं वाक्य तिनं पुरं केलं नाही, त्याची गरज नव्हती. वडिलांनी मान हलवली. जणू कुणी पत्ता विचारला आणि त्यांनी सांगितला, इतकी साधी मान. मग पुढच्या माणसाचा हात हातात घेतला.

पुरुष आईला घेऊन गेले. बायका मागे राहतात, मुनोजातही राहिली, त्या स्वयंपाकघरात, जिथं जळका वास अजून होता. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ती गेली. भांडी घासून झाली, बायका पांगल्या, तेव्हा वडील आतून आईचा फोन घेऊन आले. "हा तू ठेव," म्हणाले. "चार्ज करून ठेवत जा." एवढंच. तिनं तो घेतला, रुमालात गुंडाळला. म्हाताऱ्या माणसांना वस्तूंची माया असते असं तिला वाटलं. फोन वाटेतच आपोआप बंद झाला, काही दिवस तिच्या टेबलावर पडून होता, मग तिनं तो आईच्या रेशमी रुमालांच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला. त्यानंतर ती त्या घरी गेली नाही. नवऱ्याशी काडीमोड झाल्यापासून ती एकटीच राहत होती, सहाव्या मजल्यावर; मोहल्ल्यातल्या बायका म्हणत होत्या, पोरीनं आता बापाजवळ येऊन राहावं, दोघांचीही सोय होईल. ईदला तिनं सांगितलं, सणाला काय चार्जर बंद असतात का, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. रविवारी फोन करायची. बरं आहे ना, अदाजान? बरं आहे. गोळ्या घेता ना? घेतो. थंडी आहे का तिकडं? आहे. एकाच शहरात राहणारी माणसं एकमेकांकडे थंडीची चौकशी करत होती.

आज ऑफिसातून घरी जायच्या आधी तिनं त्या खात्याचा मागचा सगळा डेटा काढला. तिचं कामच ते. पण आजवर तिनं तो चोराचा म्हणून वाचला होता. आता बापाचा म्हणून वाचायला बसली, आणि आकडे तेच असून वेगळंच सांगू लागले. आई गेल्यानंतरच्या महिन्यात गाडी रोज रिकामी येत होती, भरून जात होती. म्हणजे वडील टॅक्सी चालवत होते, दिवसभर. वसंतात निम्मी भरलेली यायची. जर्दाळूच्या दिवसांत त्याहून भरलेली. उन्हाळ्यात कधीतरी अशी एक संध्याकाळ आली की गाडी आली ती भरलेलीच आली, आणि मग रोज भरलेलीच. म्हणजे ते कुठंच जात नव्हते. फाटकातून गाडी काढायची ती कोपऱ्यावर न्यायला, आणि कोपऱ्यावरून परत फाटकात. तिच्या नियमानं त्या माणसाला नेमक्या त्या दिवसापासून संशयित ठरवलं होतं ज्या दिवसापासून त्याचं बाहेरच्या जगातलं काम संपलं होतं. आणि ती रोज संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, पडद्यासमोर बसून त्या क्रमांकाची वाट बघायची. उजेड कमी व्हायला लागला की तिला हुरहूर लागायची. आला, की ती कागदावर टिंब द्यायची आणि कोट चढवायची. त्या बैठकीनंतर एकदा तो आला नाही. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, आणि आपण एका चोरासाठी एवढं का कासावीस होतोय याचं तिला हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा जीव भांड्यात पडला होता. त्या दिवशी वडिलांना काय झालं असेल? ताप? पडले असतील? रविवारी त्यांनी म्हटलं होतं, बरं आहे.

घरी जाऊन तिनं खण उघडला. रुमालांना अजून आईच्या पेटीतला वास होता. फोन जोडला, तो बराच वेळ मेलेलाच राहिला, मग काचेवर उजेड आला. नंबर अजून चालू होता. इतके महिने न वापरलेला नंबर फोन कंपनी एव्हाना काढून घेते; म्हणजे वडील तो दर महिन्याला दुकानात जाऊन पैसे भरून जिवंत ठेवत होते. ती फोन दोन्ही हातांत धरून बसली. आता सगळे मेसेज येतील असं तिला वाटलं, एकामागून एक, सगळ्या संध्याकाळी. एकच आला. प्रिय ग्राहक, आपल्या खात्यावर संशयास्पद हालचाल आढळल्याने ते थांबवण्यात आले आहे. शब्द तिचे होते. 'प्रिय' असावं की 'आदरणीय' यावर तिनं आणि लोबारनं वाद घातला होता. आणि बाकीचे का आले नाहीत तेही तिला ठाऊक होतं : गाडी जोडल्याचा साधा निरोप फोन बंद असला तर लगेच टाकून द्यायचा, सुरक्षेचा मात्र धरून ठेवायचा, ही व्यवस्थाही तिचीच. ती रडली. मोठ्यानं रडली, आईच्या वेळी बायकांत बसून जसं रडता आलं नव्हतं तसं. बिचारा म्हातारा रोज आईला कळवत होता की मी आलो, तांदूळ टाक. मेलेल्या बाईला कळवत होता. आणि तेवढंही आपण बंद केलं.

मग ती वडिलांकडे निघाली. ट्रामच्या जुन्या रस्त्यानं बस गेली. बाजार उठत होता, खरबुजांच्या ढिगांवर घोंगड्या पडत होत्या. अजान झाली तेव्हा ती पुलावर होती. ती उतरून कोपऱ्यावर पोहोचली तोवर मशिदीतून माणसं पांगली होती आणि पांढरी गाडी चार्जरला नाक लावून उभी होती. वडील वाकून कार्ड टेकवत होते. लाल दिवा. त्यांनी कार्ड कोटाला पुसलं, पुन्हा टेकवलं. मागे एक टॅक्सीवाला खिडकीतून मान काढून ओरडत होता.

"हमदम आका, जेवून उठलेल्याला परत ताटावर काय बसवताय! तुमची गाडी तुडुंब, आणि माझी इथं धापा टाकतीय. ढकलत नेऊ का घरी?"

"झालं रे, झालं. लावतो आणि काढतो. एवढा काय जीव चाललाय तुझा."

"परवापासून लालच दिवा बघतोय मी तुमचा. ते मशीन रुसलंय तुमच्यावर, चला."

"मशीन कशाला रुसेल," वडील म्हणाले.

"अदाजान," मुनोजातनं हाक मारली.

ते वळले. ते बारीक झाले होते, कोट खांद्यांवरून ओघळल्यासारखा. तिला बघून त्यांना नवल वाटलं नाही. चूक पकडली गेली की लहान मूल हात मागं घेतं, तसं त्यांनी कार्ड खिशात घातलं.

"एवढ्या थंडीत कशाला आलीस पोरी? मला कळलं होतं गं. सांगायला यायची गरज नव्हती."

"काय कळलं होतं?"

"लाल दिवा लागला तेव्हाच कळलं. मशीन तुमच्याच ऑफिसचं. म्हटलं, पोरीला त्रास होतोय. रोज संध्याकाळी फोन वाजायचा, माणूस कामात असतं, दमलेलं असतं. बापाला तोंडावर कसं सांगणार, म्हणून बंद केलं. ठीकच केलंस. आज आपलं बघायला आलो, राग गेला असेल, उघडलं असेल तर." आणि मग, चार्जरकडे बघत, "तू म्हणाली होतीस ना, वेळेवर. म्हटलं, आता तरी कळू दे तुला, की मी येतो वेळेवर."

हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. टॅक्सीवाला काहीतरी बोलत होता, ते ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. हा तू ठेव. चार्ज करून ठेवत जा. मेलेल्या बाईला नव्हे, तिला. एवढ्या सगळ्या संध्याकाळी तो माणूस तिच्याशी बोलत होता. लिहिता येत नव्हतं, फोनवर बोलायला जीभ वळत नव्हती. एक केबल होती, ती तो लावत होता आणि काढत होता. आणि तिच्याकडे आता सांगायला दोनच गोष्टी होत्या. एक, की फोन बंद होता, खणात होता, तुमचा एकही निरोप कुणाला मिळाला नाही. दुसरी, की निरोप मिळाले आणि मीच ते थांबवले. पहिली खरी होती. ती सांगून टाकली असती तर तिचा अपराध पुष्कळच हलका झाला असता.

"पुन्हा लावा, अदाजान," ती म्हणाली. "बिघाड होता. झाला असेल दुरुस्त."

वडिलांनी केबल ओढून गाडीत घातली, कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला. फुर्कत आकांनी शब्द पाळला होता. आणि तिच्या कोटाच्या खिशात आईचा फोन वाजला, आईनं निवडलेल्या त्या पाखराच्या किलबिलीत, थंड गल्लीत, इतक्या जोरानं की टॅक्सीवाल्यानंही मान वळवली. तिनं फोन बाहेर काढला. तुमची गाडी जोडली आहे.

वडील फोनकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उजळला, इतका की तिला त्यांच्याकडे बघवेना.

"जवळच असतो तुझ्या?"

"हो."

"म्हणजे मिळायचे?"

"मिळायचे, अदाजान."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी मान हलवली, फाटकात हलवली होती तशीच साधी. केबल काढून जागेवर टांगली, हात कोटाला पुसले.

"मिळायचे," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि तरी आली नाहीस."

त्यात तक्रार नव्हती. वारा सुटलाय, असं म्हणावं तसं ते म्हणाले. मुनोजातच्या ओठांवर खरं होतं. ते बोलली असती तर या माणसाच्या सगळ्या संध्याकाळी एका क्षणात कुणालाच न पोहोचलेल्या होऊन बसल्या असत्या. तिनं फोन खिशात परत ठेवला.

"नाही आले मी," ती म्हणाली.

"चल, त्याला जागा देऊ. ओरडून घसा बसेल त्याचा." वडिलांनी तिच्यासाठी पुढचं दार उघडलं. गाडी आवाज न करता मागे आली. चहाच्या दुकानाच्या काचा धुरकटल्या होत्या, आत नर्दाच्या सोंगट्या वाजत होत्या, आणि वडिलांनी तिकडे पाहिलं नाही. निळं फाटक दिसायला लागलं तेव्हा त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "तुझी आई फोन वाजला की तांदूळ टाकायची. तू काय करायचीस?"

तिला ते कागद आठवले, संध्याकाळी एकेक टिंब दिलेले, सगळे घरी गेल्यावर, दिवा न लावता.

"वाट बघायचे," ती म्हणाली. "दिवस मावळायला लागला की तुमची वाट बघायचे, अदाजान. उशीर झाला की कशात जीव लागत नसे."

त्या संध्याकाळी ती एवढंच खरं बोलली. वडील म्हणाले, "बरं." मग फाटक उघडायला ते खाली उतरले.